चार तारखांचा मेळावा

आमच्या मंडळाच्या कपाटात एक ढाल आहे. तिच्यावर ‘उन्हाळी मेळावा, ३ व ४ मे २०२५’ असं कोरलेलं आहे. त्या दोन्ही दिवशी मेळावा झाला नाही. मग १० मे ठरली, तीही गेली. २४ ठरली तेव्हा पावसाने मैदानच ठेवलं नाही. शेवटी मेळावा झाला तो ३० मेला, निम्म्या मुलांत आणि माईकशिवाय. आसपासच्या दोन-तीन मंडळांनी ‘तुम्ही त्या महिन्यात नेमकं काय केलंत’ असं विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढतो आहे. यात मिरवण्यासारखं थोडं आहे आणि लाज वाटावी असं अर्धं मिनिट आहे. लिहायचं कारण ते अर्धं मिनिटच.

आधी आमच्याबद्दल. गोव्यातलं डिचोली हे पालिकेचं शहर, पण चाल गावाची. आमच्या पेठेत साठ-पासष्ट घरं. बहुतेक हिंदू, काही मुसलमान, चार घरं ख्रिस्ती. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकवाले, बार्जवाले, मशीनवाले मेळाव्याला पाकीट द्यायचे. एका वर्षी तर बाहेरून वाद्यवृंद आणला होता आणि मुलांचे कार्यक्रम त्याच्या आधी घाईघाईने उरकले होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. पाकिटंही थांबली. तेव्हापासून घरामागे दोनशे रुपये. मला विचाराल तर मेळावा खरा पेठेचा झाला तो तेव्हापासून. खजिनदाराला हे अजिबात पटत नाही.

आता फळा. देवळाच्या बाजूच्या भिंतीवर चार बाय तीनचा काळा फळा आहे, वर पत्र्याची झड. पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांनी तो लावला आणि ते थकल्यावर खडू माझ्या हातात आला. त्याला आता चौदा वर्षं झाली. त्यावर काय असतं? पाणी कधी येणार नाही, वीजखात्याने कुठली लाईन बंद ठेवली आहे, कोणाच्या घरी बारसं, कोणाचं बाराव्याचं जेवण, कोणाची म्हैस सुटली, रेशनवर तांदूळ आले. बुधवारच्या बाजारात कोणाचं पाकीट सापडलं तेही. मास्तरांचे नियम दोनच होते. लिहिणाऱ्याने खाली नाव घालायचं. आणि माणसाच्या जिवाची बातमी घरच्या माणसाने तोंडी सांगितल्याशिवाय लिहायची नाही, मग ती सगळ्या गावाला ठाऊक असली तरी. व्हॉट्सॲपचा गट आल्यावर फळा बंद करूया असं दोनदा ठरलं. बंद झाला नाही, कारण गटावर बातमी कोणी पहिल्यांदा टाकली हे संध्याकाळपर्यंत कोणालाच आठवत नाही.

३ मे ही तारीख कशी आली

पूर्वी मेळावा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात व्हायचा. परीक्षा आटोपलेल्या, शाळा बंद, पण मुलं अजून मामाकडे पळालेली नाहीत, असा तो आठवडा. २०२५ साली तो गेला. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे सहावीपासून दहावीपर्यंतचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले. पालक न्यायालयातही जाऊन आले, पण शाळा भरली. सकाळची अर्धी शाळा का असेना, मुलं दुपारी अकरा-साडेअकराच्या उन्हात दप्तर घेऊन परत यायची आणि संध्याकाळी अभ्यास घेऊन बसायची. सुट्टी उरली ती मे महिन्याची.

मग कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलो. २ मेला शुक्रवारी वैशाख शुद्ध पंचमी, म्हणजे शिरगावची लईराई देवीची जत्रा. पेठेतून दरवर्षी धोंड, म्हणजे देवीचं व्रत धरलेले भक्त, जातात, त्या वर्षी अकरा जण होते. जत्रेला नोकरीधंद्याला बाहेर असलेली माणसंही घरी येतात, बेळगावला आणि सावंतवाडीला दिलेल्या मुली येतात, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत सगळे पांगतात. म्हणजे पेठ भरलेली सापडण्याचे दिवस दोनच, जत्रेनंतरचे शनिवार-रविवार. सोमवारी ५ तारखेला म्हापशाला चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त, ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी असतं ते. आमची ख्रिस्ती घरं त्या दिवशी तिकडे जाणार. तीही शनिवार-रविवारी इथेच होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही सायबीण म्हणजे लईराईची बहीण. मयेची महामाया, मुळगावची केळबाई, मोरजीची मोरजाई यांच्याच रांगेतली. बहिणी बहिणींकडे फुलं आणि तेल पाठवतात. आमच्या पेठेत याचं कोणाला नवल वाटत नाही.

तेव्हा ३ आणि ४ मे हा निर्णय चुकीचा नव्हता. आजही मी तोच घेईन. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी होती. त्या शनिवारी पहाटे पेठेतले सगळ्यांत धडधाकट अकरा जण शिरगावात असणार होते, आणि मेळाव्याची निम्मी कामं त्यांच्याच अंगावर होती.

३ मेची सकाळ

धोंडांचं व्रत घरात पाहिलेल्यालाच कळतं. आधीचे दिवस सोवळं, स्वतः रांधून खाणं, दिवसातून कितीतरी वेळा आंघोळ. मग गळ्यात मोगऱ्याचे हार, हातात रंगीत लोकरीचे गोंडे लावलेला वेत, आणि पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणं. घरचे लोक मध्यरात्रीपर्यंत जत्रेत फिरून, खाजे घेऊन परत येतात. धोंड सकाळी येतात.

सव्वाचारला माझा फोन वाजला. पलीकडे गलका. “आमी बरे आसात,” एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. कोण बरे, किती बरे, कशातून बरे, काही नाही. पाच वाजेपर्यंत सगळ्या गोव्याला कळलं होतं की शिरगावच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली, माणसं दगावली, आणि जखमींना म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात व बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेत आहेत. ते का घडलं हा या टिपणाचा विषय नाही, तेवढी माझी लायकीही नाही. पेठेत काय घडलं ते सांगतो.

मी वही काढली. अकरा नावं एकाखाली एक. समोर तीन रकाने: कोण बोललं, किती वाजता, स्वतःच्या कानाने की ऐकीव. पावणेसहापर्यंत आठ नावांपुढे ‘स्वतः’ आलं. तीन रिकामी. फळा पुसून मी लिहिलं:

‘शिरगावला गेलेल्या ११ पैकी ८ जणांशी बोलणं झालं, सुखरूप आहेत. ३ जणांचे फोन लागत नाहीत. लागले की इथे लिहू. मेळावा आज-उद्या नाही.’

खाली माझं नाव आणि वेळ. मेळाव्याबद्दल ‘रद्द’ लिहू की ‘पुढे ढकलला’, यावर हात क्षणभर थांबला होता. ‘आज-उद्या नाही’ हेच त्या घडीला खरं होतं. त्या महिन्यात मी लिहिलेलं सगळ्यांत बरोबर वाक्य ते असावं, आणि पुढे आम्हीच ते मोडलं.

सव्वासहाला देवळाच्या पायऱ्यांवर पाच जण जमलो. मेळावा नको यावर एकमत व्हायला चार मिनिटंही लागली नाहीत. मग वाटणी: मंडपवाल्याला खजिनदार सांगेल. बक्षिसं द्यायला येणाऱ्या पाहुण्यांना मी. पावभाजीचं सामान आणलेल्या बायकांना खजिनदाराची बायको. मुलांना आपोआप कळेल. उठताना कोणीतरी विचारलंही, “सगळ्यांना झालं ना?” सगळे ‘हो’ म्हणाले.

साडेसहानंतर फोनवर एक यादी फिरायला लागली. दगावलेल्यांची म्हणून. गावाची नावं अर्धवट, आडनावं दोन ठिकाणी चुकलेली, कोणी बनवली माहीत नाही. तिच्यात एक नाव आमच्या तिघांपैकी एकाचं होतं. नाव-आडनाव दोन्ही. आमच्याकडे ते नाव-आडनाव कसं असतं ते इथल्या लोकांना ठाऊक आहे, एका तालुक्यात दहा सापडतील. पण आईला ते कोण सांगणार?

ती फळ्याकडे आली. मी तिला वहिनी म्हणतो. दूध आणायला बाहेर पडली होती आणि तिथे कोणीतरी फोन दाखवला. हातात दुधाची पिशवी तशीच, कोपरा फुटलेला, आणि दूध तिच्या पायावर ठिबकत होतं. तिने फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, “आमचो खंय आसा?”

“वहिनी, फळ्यावर नाही,” मी म्हटलं. “फळ्यावर नाही म्हणजे मला माहीत नाही, एवढंच. फोनवरचं मला खरं धरता येत नाही आणि खोटंही म्हणता येत नाही.”

याहून बरं काही बोलता आलं असतं का, हा विचार मी तेव्हापासून करतो आहे. “काही होणार नाही” म्हणायचा मोह फार झाला होता. शेजारच्या दोघींनी तिला धरलं, पण ती फळ्यापासून हलेना.

आणि सात वाजून पाच मिनिटांनी मैदानावरून गाणं सुरू झालं. मोठ्या बॉक्सवर, पूर्ण आवाजात, लग्नाच्या वरातीत लावतात तसलं. मग “हॅलो, हॅलो, चेक, वन टू”, मग पुन्हा गाणं. साउंडवाला दुसऱ्या गावचा, रात्रीच टेम्पो घेऊन येऊन त्यातच झोपला होता. उठला, तोंड धुतलं, वायर जोडली. त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. मी धावत जाऊन ओरडेपर्यंत अर्धं मिनिट गेलं असेल. पेठेतल्या प्रत्येक घरात ते ऐकू गेलं, आणि फळ्यापाशी उभ्या त्या बाईला सगळ्यांत जास्त. साउंडवाला बिचारा पांढराफटक पडला. त्याने बटण बंद केलं तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

का झालं असं? मला वाटलं, मंडपवाला आणि साउंडवाला एकत्रच येतात, म्हणजे खजिनदार दोघांना सांगेल. खजिनदाराला वाटलं, ज्याने साउंड ठरवला तो सांगेल. साउंड ठरवला होता तो त्या तिघांतल्याच एका मुलाने. नंबर फक्त त्याच्याच फोनमध्ये. आणि तो मुलगा म्हणजे फळ्यापाशी उभ्या वहिनींचा मुलगा.

तो पावणेआठला आला. अनवाणी, खांद्यावर ओरखडे, हार तुटून दोऱ्यात चार फुलं राहिलेली, पण वेत हातात घट्ट. फोन गर्दीत गेला होता. कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आला. आईने त्याला काहीच म्हटलं नाही, फक्त त्याच्या दंडाला धरून त्याच्याकडे बघत राहिली. उरलेल्या दोघांचा निरोप त्यानेच आणला. एकाच्या पायाला लागलं होतं, दुसरा त्याच्यासोबत म्हापशाला गेला होता. मी फळ्यावर ‘११ पैकी ११’ लिहिलं. मग त्याची नजर मैदानावरच्या बॉक्सकडे गेली. “ह्याला कोणी सांगितलंच नाही?” तो म्हणाला. आमच्यापैकी कोणीही उत्तर दिलं नाही.

दोन तारखा

इथून पुढचं थोडक्यात. त्या आठवड्यात दोन बाजू पडल्या. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, पेठेला सुतक नाही हे खरं, पण लईराईच्या अंगणात माणसं गेली आणि आपण इथे पोत्यांची शर्यत लावायची, हे बरं दिसत नाही. या वर्षी मेळावाच नको. आयांचं म्हणणं, मुलांची सुट्टी एका महिन्यावर आली आहे, त्यातही त्यांना घरात बसवून फोन बघायला लावायचं का? दोन्हीकडे तथ्य होतं. ख्रिस्ती घरातल्या मामी रविवारीच येऊन विचारून गेल्या, “दोदोल ढवळायला घेऊ की राहू दे?” त्यांनी प्रत्येक मुलासाठी त्या नारळ-गुळाच्या मिठाईची वडी द्यायचं कबूल केलं होतं. “राहू दे” म्हटलं. म्हापशाला जाऊन त्यांनी पेठेच्या नावाने मेणबत्ती लावली, हे आम्हाला नंतर कळलं.

चूक झाली ती ५ तारखेच्या बैठकीत. मंडपवाल्याने विसार परत मिळणार नाही पण पुढच्या शनिवारी वळता करतो म्हटलं, मुलं १२ नंतर पांगणार होती, आणि आम्ही घाईने १० मे जाहीर केली. ध्वनिक्षेपकाचा परवाना तारखेला बांधलेला असतो, तो नव्याने काढावा लागणार होता. हे सगळं पैसे वाचवण्यासाठी. मुलांचा विचार त्यात कितीसा होता हे खजिनदार आणि मी दोघेही जाणतो. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली, त्याच दिवशी देशभर मॉक ड्रिल, गोव्यातही भोंगे वाजले. फळ्यासमोर लोक विचारायला लागले, रात्री दिवे बंद ठेवायचे का, रेशन भरून ठेवायचं का. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे, दिवस होतेच. सुके बांगडे, सोलं, मिरच्या घ्यायची घाई एरवीही असते, त्यात ही भर. मी फळ्यावर लिहिलं की दिवे बंद ठेवायचा कुठलाही अधिकृत आदेश पेठेला आलेला नाही. ९ ला रात्री मेळावा पुन्हा मागे घेतला. १० ला संध्याकाळी युद्धविराम जाहीर झाला तेव्हा मैदानावर मुलं क्रिकेट खेळत होती, रोजच्यासारखी.

२४ मे ठरवताना आम्ही शहाणे झालो होतो असं आम्हाला वाटलं. एरवी गोव्यात मान्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो, आठवडाभर आधी म्हणजे निर्धास्त. त्या वर्षी २० तारखेपासूनच पाऊस लागला. समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र २४ लाच रत्नागिरी-दापोलीच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. त्याच दिवशी मान्सून केरळात आला, २००९ नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच, आणि दुसऱ्या दिवशी गोव्यातही. मंडपाच्या ताडपत्रीत पाणी साठून घमेल्यासारखी पोटं लोंबत होती, आणि पोरं खालून बांबूने ती टोचून स्वतःवर पाणी पाडून घेत होती. माझ्या मते मेळावा त्याच दिवशी झाला. पण ढाल कोणाला देणार?

या वेळी मात्र साउंडवाल्याला सगळ्यांत आधी फोन केला. आदल्या दिवशी दुपारीच. तो म्हणाला, “दादा, मी निघणारच नव्हतो. पण सांगितलंत ते बरं केलंत.”

३० मे

३० मे हा गोव्याचा घटकराज्य दिन, १९८७ पासूनचा. आम्ही तो त्यासाठी निवडला नव्हता; शुक्रवार होता, आरतीनंतर देवळाचा सभामंडप मोकळा होता, आणि जूनमध्ये शाळा उघडणार होत्या. मंडप नाही, साउंड नाही, परवाना नाही, पाहुणे नाहीत. मुलं अठ्ठावीस आली. मेच्या सुरुवातीला साठ नावं होती. उरलेली पांगली होती, काही तापाने घरात होती.

आंबे खाण्याची स्पर्धा या मेळाव्याची शान. पण पावसाने मानकुराद केव्हाच संपवला होता आणि जे होते त्यात अळ्या. म्हणून फणसाचे गरे. सगळ्यांत जास्त गरे खाणाऱ्याला नव्हे, सगळ्यांत जास्त आठळ्या बरोबर मोजून धुऊन देणाऱ्याला बक्षीस, असा नियम एका आजीने ऐनवेळी काढला, कारण तिला पावसाळ्यासाठी आठळ्या हव्या होत्या. सातवीतली एक मुलगी एकशे चार आठळ्या घेऊन पहिली आली. आजीचं पुरुमेंत झालं. दहावी झालेल्यांचा सत्कार केला. त्यांचा निकाल एप्रिलमध्येच लागला होता आणि तोवर त्यांना त्याचं अप्रूप उरलं नव्हतं. मामींनी दोदोल आणला, केळीच्या पानावर कापून.

माईक नसल्यामुळे एक गोष्ट झाली, जी मला अपेक्षित नव्हती. नाव पुकारलं की ते मागच्या रांगेपर्यंत पोचायचं नाही, मग पुढची मुलं मागच्यांना सांगायची, मागची बाहेर उभ्या आयांना. एक नाव चुकीचं पोचलं आणि भलताच मुलगा ढाल घ्यायला आला. सगळे हसले, ढाल परत घेतली, बरोबर मुलाला दिली. त्याने तारीख वाचली आणि विचारलं, “काका, ही तर ३ मे.” खजिनदाराने त्याला सांगितलं, “नवी कोरायला तीनशे रुपये लागतात.” मुलाने फोटो काढून ढाल मंडळाच्या कपाटात ठेवायला परत दिली, फिरती ढाल आहे ती.

पुढच्या वर्षासाठी काही फार बदललं नाही. वहीत नावांचे रकाने तीनाचे चार केले. चौथा, ‘याला कोण सांगणार’. आणि फळ्याच्या डाव्या चौकटीवर, पावसाने पुसू नये म्हणून ऑइलपेंटने, चार फोन नंबर लिहिले: मंडपवाला, साउंडवाला, पाणीखात्याचा लाईनमन, आणि देवळाच्या चाव्या असलेलं घर. ते वहिनींच्या मुलाने रंगवले. साउंडवाल्याचा नंबर त्याने सगळ्यांत वर घातला.

३१ मेला फळ्यावर होतं ते असं: ‘उद्या सकाळी पाणी उशिरा. सभामंडपात एक निळी छत्री आणि डाव्या पायाची एक चप्पल राहिली आहे. निळी ताडपत्री ज्या घरी आहे त्यांनी वाळवून परत आणावी, मंडपवाला विचारतो.’